सकाळची उंची, संध्याकाळची उंची

मापनाचा धडा आला की मला चेव येतो. एरवी मी बेताचीच शिकवते, मुलं पेंगत नाहीत इतपत. पण मीटर, सेंटिमीटर, मिलिमीटर सुरू झालं की माझा आवाज चढतो, खडू मोडतात, आणि शेजारच्या वर्गावरच्या मराठीच्या मॅडम दारात येऊन विचारतात, "काय झालं हो? कुणी पडलं का?" कुणी पडलेलं नसतं. कुणीतरी उत्तरापुढं एकक लिहायचं विसरलेलं असतं.

"बारा काय? बारा आंबे? बारा म्हशी?" असं मी ओरडले की वर्ग खूश होतो. काही मुलं तर मला ओरडायला लावण्यासाठीच एकक लिहीत नाहीत, हे मला कळतं. तरी मी ओरडते.

आमची शाळा रहाटणीत, दुपारची. सहावीच्या वर्गात साठाच्या वर मुलं. बहुतेकांचे वडील चाकणला नाहीतर भोसरीला कंपनीत, कुणाची आई हिंजवडीत हाउसकीपिंगला, कुणाची रिक्षा, कुणाचं चिकनचं दुकान. "माझे पप्पा मायक्रॉनमध्ये काम करतात," असं एखादा पोरगा पहिल्याच दिवशी ऐटीत सांगतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, आणि त्यालाच स्वतःची उंची विचारली की म्हणतो, "चार सहा." चार सहा काय रे? तर नुसतंच चार सहा. आपल्याकडं दूध लिटरमध्ये आलं, कापड मीटरमध्ये आलं, खोकल्याचं औषध मिलिलिटरमध्ये आलं. माणूस मात्र अजून फूट-इंचांतच उभा आहे. मग मुलं ते वहीत ४.६ असं लिहितात, त्याला ३०.४८ नं गुणतात, आणि एका गुणाकारात तीन सेंटिमीटर वाढतात. ज्याचे वडील पाच फूट दहा इंच, ते बिचारे ५.१० होऊन पार बुटके होतात. दर वर्षी हेच. दर वर्षी मी तितकीच चिडते.

शाळेत लाकडी मोजपट्ट्या आहेत, पण त्यांची टोकं झिजलेली. शून्याचा पत्ताच नाही. म्हणून मी सांगते, एकपासून मोजा आणि शेवटी एक वजा करा. निम्मी मुलं वजा करायला विसरतात. त्यांची सगळी बाकं, सगळी पुस्तकं, सगळे डबे एकेका सेंटिमीटरनं लांब निघतात आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

मला वाटतं. हा रोग मला बाबांकडून आला.

बाबा एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीत होते. बाहेर मशीनवर झालेला नग आत यायचा, बाबा तो मोजायचे, आणि घ्यायचा की फेकायचा ते सांगायचे. खोलीत एसी, कारण गरम नग फुगलेला असतो आणि माप खोटं येतं. तो थंड होईपर्यंत थांबायचं. बाहेरचे लोक त्या खोलीला फ्रीज म्हणायचे आणि बाबांना काय म्हणायचे ते बाबांनी घरी कधी सांगितलं नाही. त्यांना मित्र नव्हते. ज्याचा माल तुम्ही दिवसभर नापास करता तो संध्याकाळी तुमच्याबरोबर चहा प्यायला येत नाही.

घरीही तसंच. माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा आई नव्हती, म्हणून बायोडेटा मावशीनं लिहायला घेतला. उंचीच्या रकान्यात तिनं पाच फूट लिहिलं. बाबांनी ते खोडलं. चार फूट साडेदहा इंच. मावशी म्हणाली, "अहो, सगळेच दोन इंच वाढवून लिहितात, मुलाकडचे मनातल्या मनात वजा करून वाचतात. तुम्ही खरं लिहिलंत तर ते त्यातूनही दोन इंच कमी करतील." बाबा म्हणाले, "करू देत. मी खोटं रीडिंग लिहिणार नाही."

लिहिलं नाही. मुलाकडच्यांनी मनातल्या मनात वजा केलं. आमच्याच बिल्डिंगमधल्या माझ्या एका मैत्रिणीच्या कागदावर पाच एक होतं, ती माझ्या खांद्याला खांदा लावून शाळेत उभी राहायची. तिचं लग्न झालं, निगडीला असते, मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. माझं जमलं नाही. फक्त उंचीमुळं जमलं नाही असं मी म्हणत नाही, मी तोंडाळ होते, रंगानं बेताची होते. पण त्या दीड इंचाचा राग माझ्या मनातून गेला नाही. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, अजून गेलेला नाही. आणि तरी त्यांनीच शिकवलेलं मी पोरांना शिकवते. जे येईल ते लिहायचं. वाढवायचं नाही, कमी करायचं नाही, शेजारच्याचं बघायचं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या वर्षी मी एका मुलीशी जे वागले ते कळायला हवं. बाबांच्या खरेपणाची किंमत मी मोजली होती, आणि खोटी रीडिंग पाहिली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मला वाटायचं, मला ती ओळखता येतात.

तर झालं असं. मापनाच्या धड्याला मी एक गृहपाठ देते. माणूस सकाळी उठतो तेव्हा थोडा उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत साधारण सेंटिमीटरभर कमी होतो. दिवसभर उभं राहून पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात, रात्री आडवं पडलं की पुन्हा फुगतात. मुलांना हे खोटं वाटतं. म्हणून मी सांगते, घरातलं एक मोठं माणूस निवडा, पाच दिवस सकाळी आणि संध्याकाळी त्याची उंची मोजा, सेंटिमीटरमध्ये लिहा. फळ्यावर तक्ता काढून देते. एक रकाना सकाळ, एक रकाना संध्याकाळ.

वह्या आल्या. मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून तपासत होते. बहुतेकांचं ठरलेलं. सकाळी एकशे सत्तर, संध्याकाळी एकशे एकोणसत्तर, पाचही दिवस तेच. उघड आहे, एक दिवस मोजलं, नाहीतर तेही नाही. पण ते मी चालवून घेते, अकरा-बारा वर्षांची मुलं आहेत. मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीची वही हाती आली.

ही मुलगी गप्प. लातूरकडचं कुटुंब, तीन-चार वर्षांपूर्वी इकडं आलेलं. प्रश्न विचारला की उत्तर बरोबर द्यायची, पण इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागायचं. एकुलती एक. गळ्यात दोऱ्याला घराची किल्ली, युनिफॉर्मच्या आत घातलेली. तिनं वडिलांची उंची घेतली होती. सकाळी १६९, १६६.५, १७०, १६८, १६९.५. संध्याकाळी १७१, १६९, १७१.५, १७०, १७१.

मी हसले. मग चिडले. एका माणसाची उंची रोज दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली? आणि संध्याकाळ दर वेळी सकाळपेक्षा जास्त! म्हणजे काय बरोबर, काय चूक हेही न समजता आकडे ठोकून दिले होते. बाकीच्यांनी खोटं लिहिलं तेही निदान नीट वाचून लिहिलं होतं.

पुढच्या तासाला मी तिला उभं केलं.

"कुणाची उंची आहे ही?"

"पप्पांची."

"तुझे पप्पा रबराचे आहेत का गं?"

वर्ग हसला. वर्ग हसला की मला आणखी जोर चढतो, हा माझा दुर्गुण आहे. मी तिची सगळी रीडिंग मोठ्यानं वाचून दाखवली. मी वाचत असताना एक पोरगा हातांनी लांब-आखूड करून दाखवायला लागला. मी त्याला थांबवलं नाही.

"आणि संध्याकाळी वाढतात? कामावरून आल्यावर माणूस वाढतो? मी काय शिकवलं होतं?"

ती म्हणाली, "मॅडम, पप्पा..."

"पप्पांना मध्ये आणू नकोस. तू घरी बसून भरलंस. मोजलं नाहीस. हो की नाही?"

मी लाल पेननं तक्त्यावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि खाली लिहिलं, पुन्हा करा. वही तिच्या हातात दिली. ती बसली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. तिनं वही मिटली आणि दप्तरात सगळ्यात खाली घातली.

दुसऱ्याच दिवशी तिनं नवा तक्ता आणून दिला. पाच दिवसांचा तक्ता एका दिवसात कसा झाला, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. कारण तक्ता सुंदर होता. सकाळी १६८.१, १६८.०, १६८.२, १६८.०, १६८.१. संध्याकाळी १६७.०, १६७.१, १६७.२, १६७.०, १६७.१. पट्टीनं आखलेला, मथळ्याखाली दुहेरी रेघ. आकडे कसे हवेत तसे, जरासे वर-खाली, पण फार नाही. मला इतकं बरं वाटलं! ओरडल्याचा उपयोग झाला असं वाटलं. मी खाली "छान" लिहिलं, तारा काढला, आणि वर्गाला वही उघडून दाखवली. "असं काम पाहिजे." ती खाली बघत होती. मला वाटलं, लाजली.

शनिवारी पालकसभा होती. आमच्याकडं पालकसभेला आयाच जास्त येतात; वडील आले तर समजायचं की सुट्टी आहे नाहीतर नाइट आहे. त्या मुलीचे वडील आले ते तसेच कंपनीच्या शर्टात, डोळे लाल. माझ्यापुढच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

"सॉरी मॅडम, थर्ड शिफ्ट करून आलो. हिची आई सकाळी सातलाच हिंजवडीला जाते कामाला, ती रात्री आठला येते. मग मीच आलो. झोपलो असतो तर उठलो नसतो."

मी प्रगती सांगितली. गणित बरं, इंग्रजी सुधारायला हवं, बोलत नाही. ते मान हलवत होते. मग एकदम हसले.

"मॅडम, ते उंचीचं तुमचं झालं का एकदाचं?"

"झालं. का हो?"

"न्हाई, झोपू देईना ना पोरगी! चाकणवरनं गाडी येते, घरी यायला मला साडेआठ. आंघोळ केली, खाल्लं, पडलो. जरा डोळा लागतोय तंवर टाचेला गार लागायचं. एकदा डोळा उघडून बघतो तर ही बया टेप घेऊन पायाशी बसलेली. म्हटलं, काय गं? तर म्हणती, पप्पा हलू नका, माप चुकंल."

मी म्हटलं, "झोपेत मोजायची?"

"मग कधी? मी येतो तवा मेल्यासारखा असतो. संध्याकाळी सात वाजता उठलो की साडेसातला काळेवाडी फाट्यावर गाडी. हिला आईनं बजावलंय, पप्पाला उठवायचं न्हाई. म्हणून सकाळी मी पडलो की एकदा, आन् संध्याकाळी शाळेतनं आली की मी उठायच्या आदी एकदा. डोक्याशी उशीला वही उभी टेकवायची आन् तिथनं टेप." ते पुन्हा हसले. "माझी सवय पाय मुडपून झोपायची. हिनं सरळ करायचे, मी परत मुडपायचे. परत पहिल्यापासून. लई चिकाटी हाय पण. पाची दिवस केलं."

डोक्यात एकेक आकडा खाली बसत होता. रात्रभर उभं राहून काम करून आलेला माणूस सकाळी दबलेला असणार. दिवसभर झोपून संध्याकाळी उठणार तेव्हा तो उंच असणार. उलटं तिचं नव्हतं, माझा तक्ता उलटा होता. मी "उठल्यावर" आणि "झोपण्याआधी" असं लिहायला हवं होतं. मी सकाळ आणि संध्याकाळ लिहिलं, जसं काही रहाटणीतली सगळी माणसं सकाळीच उठतात. आणि ते दोन-तीन सेंटिमीटरचं वर-खाली म्हणजे गुडघे. झोपेत मुडपलेले, एका अकरा वर्षांच्या मुलीनं आवाज न करता सरळ केलेले, आणि जे येईल ते लिहिलेलं. सबंध वर्गात खरं मोजणारी कदाचित ती एकटीच असेल.

"तुम्ही तारा दिला म्हणं तिला," वडील म्हणाले. "आईला दाखवला तिनं."

मी म्हटलं, "हो. दिला."

तारा कुठल्या तक्त्याला दिला ते मी सांगितलं नाही. त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझी जीभ उचलेना. खरं सांगायचं तर भित्रेपणा होता. ते उठले, दोन्ही हात जोडले, आणि झोपायला गेले.

दुसरा दिवस रविवार. मी ताथवड्याला राहते, नवव्या मजल्यावर, वन बीएचके. बाबांच्या फंडातून आणि माझ्या कर्जातून घेतलेला. बिल्डिंगमध्ये सगळी इंजिनिअरिंगची पोरं नाहीतर नवीन लग्न झालेली आयटीतली जोडपी. लिफ्टमध्ये भेटतात, फोनमध्ये बघतात. शनिवारी शाळा असते, तोवर कुणाशी ना कुणाशी बोलणं होतं. पण रविवारी मी बोलत नाही. त्या दिवशी दुपारी इंटरकॉम वाजला. मी धावत गेले. "मॅडम, पार्सल आलंय," गेटवरचा म्हणाला. मी म्हटलं, मी काही मागवलेलं नाही. त्यानं विंग विचारली आणि सॉरी म्हणाला. दुसऱ्या विंगचं होतं.

मी बसून राहिले आणि मला आमच्या जुन्या घराची आठवण यायला लागली. बाबांनाही सुरुवातीची कितीतरी वर्षं नाइट असायची. त्या आठवड्यात घरात कुकर लावायचा नाही. रेडिओ नाही. आई शिवणकामाला दुसऱ्यांच्या घरी जायची आणि मी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची, आतल्या खोलीत बाबा. जागे असते तर त्यांच्याशी बोलले असते, पण ते घरात असूनही नसायचे. मी नुसती त्यांच्या घोरण्याकडं कान देऊन बसायची, घोरणं थांबलं की दाराच्या फटीतून बघून यायची. भरलेल्या घरात एकटं बसणं काय असतं, हे ज्यांना माहीत असायला हवं त्यांत माझा नंबर पहिला. आणि मीच त्या पोरीला विचारलं होतं, तुझे पप्पा रबराचे आहेत का.

मला काही सुचेना. मग मी टेप काढला. म्हटलं, दुसऱ्यांना पाच दिवस मोजायला लावतेस, स्वतः एकदा मोज. मी भिंतीला टाचा लावल्या, डोक्यावर सपाट पुस्तक धरलं, दुसऱ्या हातात पेन्सिल. पुस्तक सरळ आहे की तिरकं ते मला दिसेना. वर बघितलं की हनुवटी उचलली जायची. खूण केली, वळून मोजली. एकशे एक्कावन्न. पुन्हा केलं, एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक पाच. तिसऱ्यांदा एकशे पन्नासच्या जरा खाली. मी स्थिर उभी होते, जागी होते, विज्ञानाची पदवीधर होते, आणि माझी स्वतःचीच उंची अडीच सेंटिमीटर हलत होती. एकट्या माणसाला स्वतःची उंची मोजता येत नाही. ही काही मोठी शोधाची गोष्ट नाही, कुणालाही माहीत असते. मला त्या दिवशी कळली.

भिंतीवर तीन खुणा होत्या. डोक्यावर पुस्तक टेकवून "हलू नकोस" म्हणणारं माणूस आता या जगात माझ्यासाठी कुणी नाही, असं मनात आलं, आणि मी रडले. भरपूर रडले. आवाज करायला हरकत नव्हती, कुणी झोपलेलं नव्हतं.

रडून झाल्यावर ठरवलं. वर्गासमोर अपमान केला होता, तर माफीही वर्गासमोरच मागायची. स्टाफरूममध्ये बोलावून खांद्यावर हात ठेवून गुळमुळीत बोलायचं नाही. आणि त्या मुलीला खोटं लिहायला मी शिकवलं होतं. ते मला तिच्या मनातून काढायचं होतं. बाकी कशाचं मला काही नव्हतं. ती पुढं शास्त्रज्ञ होवो नाहीतर दुकानात बसो, माझ्यामुळं तिनं खरं माप खोडायला शिकता कामा नये. चहा करून घेतला आणि काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं.

सोमवारी पहिलाच तास माझा होता. मी हजेरी घेतली आणि म्हटलं, "आज मला एक चूक सांगायची आहे. माझी." वर्ग एकदम ताठ बसला. मॅडमची चूक म्हणजे त्यांना मेजवानीच. मी तिला उभं केलं. ती दचकली, हात आपोआप वहीकडं गेला. मी म्हटलं, वही राहू दे.

मी सगळं सांगितलं. वडील नाइटला असतात. ते सकाळी झोपतात आणि संध्याकाळी उठतात, म्हणून त्यांची उंची संध्याकाळी जास्त येणार. हिनं ते झोपलेले असताना मोजलं, कारण तेव्हाच ते घरात सापडतात. ते हलत होते म्हणून आकडे हलले. हिचा पहिला तक्ता बरोबर होता. मी न विचारता खोटा ठरवला. मी तिला खोटारडी म्हणाले, ती नव्हती. "मी चुकले," मी म्हटलं. "मला माफ कर."

कुणी हसलं नाही. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझे पप्पापण नाइटला असतात." मग आणखी दोघांनी हात वर केले. एवढे जण होते, आणि त्यांनी सगळ्यांनी सकाळी जास्त, संध्याकाळी कमी असंच लिहून आणलं होतं.

ती उभीच होती. मी म्हटलं, "ऐकलंस ना? पहिलं बरोबर होतं." ती म्हणाली, "हो मॅडम." दुसरा तक्ता दाखवला होता तेव्हा खाली बघत होती तशीच खाली बघत म्हणाली. मला ते "हो मॅडम" आवडलं नाही. मला वाटलं, नुसतं सांगून भागणार नाही, तिच्या हातून करून घ्यायला हवं.

"ये इकडं," मी म्हटलं. "आज आपण वर्गात मोजू. माझी उंची मोज."

वर्गात आरडाओरडा झाला. मी चपला काढल्या आणि फळ्याशेजारी भिंतीला टाचा लावून उभी राहिले. तिच्यासाठी एकानं बाक सरकवलं. ती वर चढली. माझ्या पर्समधला टेप मी तिला दिला, विज्ञानाचं पुस्तक दिलं. एका मुलीला खाली टेपचं टोक जमिनीला धरायला बसवलं. बाकावर उभ्या राहून तिनं सगळं फार नीट केलं. आधी माझा अंबाडा हातानं जरा दाबला, मग पुस्तक डोक्यावर सपाट ठेवलं, एका बाजूनं वाकून ते तिरकं नाही ना ते बघितलं. तिचे हात हलके होते. इतक्या जवळ माझ्या कुणी बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं, आणि मी श्वास धरून उभी होते. मी मोठ्यानं म्हटलं, "जे येईल तेच सांगायचं हं. सगळ्यांना ऐकू येईल असं."

तिनं टेप ताणला. अंगठा पुस्तकाच्या कडेला लावला. टेपवरच्या आकड्याकडं तिनं अजून बघितलंच नव्हतं. ती माझ्या कानाशी वाकली आणि वर्गाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, मला सांभाळून घेतल्यासारखं विचारलं,

"मॅडम, किती यायला पाहिजे?"